पंगतीची सेवा आणि वचनाची सेवा

कोणत्याही संस्थेचा इतिहास लिहिला जातो, तो संस्थापकांच्या आणि देणगीदारांच्या नावांनी. ख्रिस्ती मंडळीही याला अपवाद नाही. चर्चच्या भिंतीवरील संगमरवरी फलकांवर पाळकांची आणि मिशनऱ्यांची नावे कोरलेली असतात. उपासनेपूर्वी झाडलोट करणाऱ्याची किंवा आजाऱ्याच्या घरी जेवणाचा डबा पोचविणाऱ्या बाईची नोंद कोठेच नसते. ही उणीव केवळ कृतज्ञतेची असती तर तिची चर्चा करण्याचे फारसे कारण नव्हते. तिच्या मुळाशी सेवेच्या मोजमापाविषयीचा एक गैरसमज आहे.

अर्थशास्त्राला हा गैरसमज नवा नाही. एखाद्या गृहस्थाने पगारी मोलकरणीशी विवाह केला तर राष्ट्रीय उत्पन्न घटते, ही विसंगती ए. सी. पिगू यांनी १९२० साली दाखवून दिली. काम तेच राहते. वेतन तेवढे थांबते. जे विकले जात नाही ते मोजले जात नाही, आणि जे मोजले जात नाही त्याची कदरही हळूहळू नाहीशी होते. मंडळीच्या वार्षिक अहवालात सभासदसंख्या आणि इमारतनिधी यांना स्थान मिळते व डबा पोचविणारी बाई वगळली जाते, त्याचे कारण हेच.

वास्तविक आद्य ख्रिस्ती मंडळीपुढील पहिल्या मोठ्या अंतर्गत तंट्यांपैकी एक अशाच लहान कामावरून उद्भवला. ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाच्या सहाव्या अध्यायात त्याची हकीगत आहे. रोजच्या अन्नवाटपात ग्रीकभाषी विधवांची उपेक्षा होते, अशी तक्रार आली. तेव्हा त्या कामासाठी सात माणसे निवडण्यात आली. मूळ ग्रीक ग्रंथात अन्नवाटपाला आणि वचनाच्या उपदेशाला ‘डायकोनिया’ हा एकच शब्द योजिला आहे. कामे दोन मानली. प्रतिष्ठा मात्र एकच. आणि निवडलेल्या सातही जणांची नावे ग्रीक आहेत. ज्यांची उपेक्षा झाली, त्यांच्याच भाषेच्या माणसांकडे बहुधा वाटपाचा अधिकार आला.

महाराष्ट्रात याचे उदाहरण शोधावयाचे तर केडगावकडे वळावे लागते. १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाईंनी मध्य प्रांतातून शेकडो निराधार मुली आणल्या. रमाबाईंची विद्वत्ता सर्वश्रुत आहे. परंतु मुक्तिसदन उभे राहिले ते केवळ विद्वत्तेवर नव्हे. दुष्काळाने खंगलेल्या मुलींना न्हाऊ घालणे, दळणे, विणणे, शिवणे, अंध मुलींना शिकविणे अशा अगणित कामांवर ते उभे होते, आणि ती कामे तेथील स्त्रियाच एकमेकींसाठी करीत. रमाबाईंनी केलेल्या बायबलच्या मराठी भाषांतराचे खिळेही तेथील स्त्रियांनीच जुळविले. १९२२ साली रमाबाईंचे निधन झाले. संपूर्ण ग्रंथ त्यानंतर प्रसिद्ध झाला. भाषांतर एकीचे, पण ते वाचकापर्यंत पोचविणारे हात अनेकींचे, आणि बहुतेक अनामिक.

येथे एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे. अशी सेवा हे धर्मांतराचे आमिष असते, असे म्हटले जाते. खुद्द रमाबाईंच्या शारदासदनावरून १८९३ साली पुण्यात मोठा वाद झाला. रानडे, भांडारकर यांनी सल्लागार मंडळाचा राजीनामा दिला आणि अनेक पालकांनी मुली काढून नेल्या. तो वाद येथे निकालात काढण्याचे प्रयोजन नाही. मात्र त्यातून एक कसोटी हाती लागते. परतफेडीची अपेक्षा ठेवून जे दिले जाते तो विनिमय होय. मग ती परतफेड पैशाची असो, निष्ठेची असो वा संख्याबळाची. ज्या डब्याबरोबर अट पाठविली जाते, त्याला सेवा म्हणता येणार नाही. डाव्या हाताला उजव्याचे दान कळू नये, ही येशूची शिकवण याच कसोटीला उतरणारी आहे.

दुसरा धोका अधिक सूक्ष्म आहे. लहान सेवेचे गोडवे गाऊन ती कायम त्याच माणसांच्या, विशेषतः स्त्रियांच्या, माथी मारणे आणि निर्णय मात्र इतरांनी घेणे, ही सोयीची विभागणी होय. सात जणांच्या निवडीतील धडा याच्या नेमका उलट आहे. तेथे लहान कामाची केवळ स्तुती झाली नाही. त्याला माणसे मिळाली, मान मिळाला आणि अधिकारही मिळाला. आपापल्या कार्यकारिणीत डबा पोचविणाऱ्या बाईला जागा आहे काय, हा प्रश्न प्रत्येक मंडळीने स्वतःस विचारावा. जागा नसेल, तर व्यासपीठावरून होणारा सेवेचा गौरव हा केवळ शब्दांचा खर्च ठरेल.