पेट्रोल किती, हवा किती?

एक किलो पेट्रोल पूर्ण जळायला सुमारे १४.७ किलो हवा लागते. लिटरच्या मापात हेच प्रमाण एका लिटर पेट्रोलमागे जवळपास नऊ हजार लिटर हवा इतके भरते. प्रीमियर पद्मिनी, अ‍ॅम्बेसेडर अशा जुन्या गाड्यांत हा मेळ कार्ब्युरेटर घालतो. त्याच्या अरुंद गळ्यातून हवा वेगाने जाताना तिथला दाब उतरतो आणि जेटच्या बारीक भोकातून पेट्रोल ओढले जाते.

इंजिनाची सर्वाधिक ताकद मात्र १४.७ ला नव्हे, तर १२.५ ते १३ च्या आसपास मिळते. सिलिंडरमध्ये हवा मावेल तेवढीच शिरते, म्हणून तिच्यातला सगळा ऑक्सिजन वापरला जाणे महत्त्वाचे. पेट्रोल आणि हवा कधीच पुरते एकजीव होत नाहीत. त्यामुळे पेट्रोल थोडे जास्तच द्यावे लागते. अशा मिश्रणात ज्वाला झपाट्याने पसरते. शिवाय जादा पेट्रोलची वाफ होताना उष्णता शोषली जाते आणि नॉकिंगला आळा बसतो. मायलेजसाठी १५.५ ते १६ चे पातळ मिश्रण बरे. ताकद आणि मायलेज एकाच प्रमाणात हाती लागत नाहीत.

पिकअप वाढावा म्हणून कार्ब्युरेटरचा मिक्श्चर स्क्रू पिळत बसणे बहुधा व्यर्थ असते. त्याचा अंमल मुख्यतः आयडलिंगपुरता. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबल्यावर मिश्रण ठरवतो तो मेन जेट. अनेक कार्ब्युरेटरमध्ये १२० नंबरच्या जेटचे भोक १.२० मिलिमीटरचे असते. त्याजागी १२५ चा जेट घातला, तर भोकाचे क्षेत्रफळ साडेआठ टक्क्यांनी वाढते. म्हणून नंबर एकेक पायरीनेच बदलावा.

बदल जमला का, हे स्पार्क प्लग सांगतो. तपकिरी रंग ठीक. कोरडी काळी काजळी म्हणजे पेट्रोल जास्त, पांढराफटक प्लग म्हणजे कमी. सायलेन्सरच्या पाइपात वाइडबँड ऑक्सिजन सेन्सर बसवला, तर नेमका आकडाच कळतो. जास्तीचे पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचे ऑइल धुऊन काढते. पातळ मिश्रण त्याहून घातक: पूर्ण भारावर व्हॉल्व्ह जळतात, पिस्टनला भोकही पडते.

उंची आणि इंधनाचा प्रकारही हिशेब बिघडवतात. महाबळेश्वरच्या उंचीवर हवा सुमारे १२ टक्के विरळ असते, त्यामुळे घाट चढून आलेल्या कार्ब्युरेटरच्या गाडीचे मिश्रण आपोआप दाट होते. २० टक्के इथेनॉलच्या पेट्रोलने उलटे होते. त्याला हवा कमी, सुमारे १३.५ पट लागते. म्हणजे निव्वळ पेट्रोलसाठी बसवलेला जेट त्याला अपुरा पडतो.

मूळ जेट बरोबर असेल, तर नुसत्या ट्यूनिंगने मिळणारी वाढ थोडीच असते. झिजलेल्या रिंगा, बिघडलेला टायमिंग किंवा तुंबलेला एअर फिल्टर यांवर जेट हा इलाज नव्हे; आधी ते दुरुस्त करावेत.