चिरेबंदी घर आणि रिपीटरचे स्थान
कोकणातील विस्तीर्ण चिरेबंदी घरात ओटीवरील राउटरचा अंमल माजघर ओलांडताच क्षीण होतो, आणि मग परसातील खोलीपर्यंत इंटरनेट पोचावे या हेतूने आणलेला रिपीटर बहुधा त्या खोलीतच, म्हणजे जेथे मूळ लहरी जेमतेम पोचतात अशा जागी, बसविला जातो. इंटरनेट नीट चालत नाही या तक्रारीचे मूळ पुष्कळदा येथेच सापडते. रिपीटर जे ग्रहण करतो तेच पुन्हा प्रक्षेपित करतो, म्हणून त्याची योजना मार्गाच्या मध्यावर, जेथे मोबाइलवरील मापन सुमारे उणे ६५ डीबीएमच्या खाली उतरत नाही तेथे, करावयास हवी.

याहून सूक्ष्म बाब अशी की, एकाच रेडिओवर चालणारा रिपीटर ग्रहण आणि प्रक्षेपण एकाच चॅनलवर आळीपाळीने करतो, त्यामुळे त्याच्यामागे वेग सुमारे निम्म्यावर येतो, आणि एकापुढे एक असे दोन जोडल्यास चतुर्थांशावर. संकेताच्या पट्ट्या पूर्ण दिसत असताही पान उशिरा उघडते, याचा एक खुलासा यात आहे. ५ गिगाहर्ट्झच्या लहरी जाड भिंतींपुढे लवकर हतबल होतात, २.४ च्या अधिक दूर जातात. पावसाळ्यात भिजलेला भिंतींचा जांभा दगड दोहोंनाही अधिक शोषतो.

माझ्या मते मोठ्या घरास उत्तम इलाज केबलचाच: तांब्याची इथरनेट केबल १०० मीटरपर्यंत निर्वेध चालते, आणि तिच्या टोकाशी ॲक्सेस पॉइंट बसविता येतो. अंगणापलीकडच्या इमारतीकडे मात्र तांब्याऐवजी ऑप्टिकल फायबर न्यावी, कारण विजेच्या कडकडाटात तांब्यात उद्भवणारा विद्युतदाब दोन्हीकडील यंत्रे निकामी करू शकतो.