ओम्नीची पुढची चाकं सरळ करताना

मारुतीची व्हॅन १९८४ साली रस्त्यावर आली आणि पुढे ओम्नी या नावाने २०१९पर्यंत बनत राहिली. या गाडीत चालक जवळजवळ पुढच्या चाकांवरच बसतो. खड्डा आधी चाकाला लागतो, लगेच त्याच्या कमरेला. वर्षानुवर्षं असे खड्डे खाल्ल्यावर अलाइनमेंट जागेवर राहील कशी?

अलाइनमेंटचे कोन तीन. समोरून पाहताना चाक आत-बाहेर कललेलं दिसतं तो कॅम्बर, बाजूने पाहताना स्टिअरिंगचा अक्ष मागे झुकलेला असतो तो कॅस्टर, आणि वरून पाहताना दोन्ही चाकांची तोंडं एकमेकांकडे वळलेली आहेत की लांब, तो टो. पहिले दोन ओम्नीत कारखान्यातच ठरतात. ते बिघडले असतील तर लोअर आर्म किंवा स्ट्रट वाकलाय, नाहीतर बुश संपलेत. आपल्या हातात उरतो फक्त टो. तोही क्षुल्लक समजू नये: अर्धा मीटर व्यासाच्या टायरवर ३ मिलिमीटरचा तिरकसपणा म्हणजे दर किलोमीटरला ते चाक पाच-सहा मीटर आडवं घासत नेणं. टायरवरून तळवा आडवा फिरवला की एकीकडे जाताना गुळगुळीत आणि परतताना करवतीसारखं लागतं, ते यामुळेच.

‘गाडी डावीकडे ओढते, अलाइनमेंट करून द्या’ अशी तक्रार गॅरेजात रोज येते. खरं तर टो चुकला की चूक दोन्ही चाकांत वाटली जाते. टायर झिजतात, स्टिअरिंग वाकडं बसतं, पण गाडी सहसा ओढत नाही. ओढत असेल तर आधी हवा बघा, मग ब्रेक चिकटतोय का ते. आपल्याकडे डाव्या बाजूने चालावं लागतं आणि रस्त्याचा उतारही तिकडेच असतो, त्यामुळे थोडी ओढ तशीही राहते.

पाना हातात घेण्याआधी खेळ तपासा. जॅक लावून गाडी स्टँडवर घ्या आणि चाक डावी-उजवीकडे धरून हलवा. खटखट आली तर टाय रॉड एंड संशयित. वर-खाली धरून हलवल्यावर आली तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट. खेळ असलेल्या गाडीची अलाइनमेंट करणं म्हणजे पैसे फुकट. मशिनवर आकडे हिरवे दिसतील आणि पहिल्या खड्ड्यात बदलतील.

चाक वर असतानाच ते फिरवत टायरच्या मधोमध खडू लावा आणि स्थिर धरलेल्या खिळ्याने त्यावर बारीक रेघ ओढा. दोन्ही चाकांचं झालं की गाडी सपाट जमिनीवर उतरवा, स्टिअरिंग सरळ ठेवा आणि गाडी थोडी पुढे ढकला, म्हणजे सस्पेन्शन बसतं. आता एक्सलच्या उंचीवर, चाकांच्या पुढच्या बाजूला दोन्ही रेघांवर खूण करून अंतर मोजा. मग गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याइतकी पुढे ढकला. त्याच खुणा आता मागे येतील. तिथे पुन्हा मोजा. नेमक्या त्याच खुणा हव्यात, कारण रिम जरा वाकडी असली तरी ती चूक दोन्ही मापांत सारखी येऊन कटते. ढकलताना जास्त पुढे गेली तर मागे ओढू नका, सगळं नव्याने मोजा. पुढचं माप मागच्यापेक्षा कमी आलं तर टो-इन. मागच्या चाकांना ताकद देणाऱ्या जुन्या गाड्यांना बहुधा किंचित टो-इनच लागतो. नेमका आकडा मॅन्युअलमधून घ्यावा.

आता टाय रॉड. चेकनटवर आदल्या रात्रीच गंजाचं तेल मारून ठेवलेलं बरं. नट सैल करा, रॅकच्या रबरी बूटची क्लिप ढिली करा, नाहीतर रॉड फिरवताना बूट पिळवटून फाटतो. दोन्ही बाजूंचे रॉड सारखेच फिरवा; एकच फिरवला तर टो बरोबर येईल, पण स्टिअरिंग वाकडं होईल. रॉड लांब केल्याने टो आत जातो की बाहेर, हे पाव फेरा देऊन, गाडी ढकलून, मोजून बघा. जमलं की चेकनट घट्ट करा आणि पुन्हा एकदा मोजा, कारण नट आवळताना रॉडही जरा फिरतो.

आधीच करवत झालेले टायर मात्र पुढचे काही दिवस गुणगुणत राहतात. तो आवाज ऐकून पुन्हा पाना लावू नका.