चवळीवरचा काळा मावा: पंप उचलण्याआधी शेंडा बघा



भातकापणीनंतर मळ्यात केलेली चवळी, कुळीथ आता वाढीला लागलीत. थंडीत मधेच ढगाळ हवा झाली की शेंड्यावर काळे किडे दिसतात आणि लगेच फोन येतो, "कुठला औषध मारू?" त्याआधी दोन मिनिटं शेंडा बघा.

*मावा कसा ओळखाल?*
कोवळे शेंडे, कळ्या आणि शेंगांच्या देठांवर घोळक्याने बसतो. मोठा मावा चकचकीत काळा, जेमतेम 2 मिलिमीटर, पिल्लं राखाडी. मोबाईलवर फोटो काढून मोठा करा. पोटाच्या मागच्या टोकाला दोन बारीक नळ्या दिसल्या, तर मावाच. बोट लावलं तरी तो फारसा हलत नाही. तुडतुडे तिरके पळतात, उड्या मारतात. पांढरी माशी पान हलवलं की उडते.

मावा रस शोषतो आणि गोड चिकटा सोडतो. मुंगळे त्यासाठीच येतात, पुढे त्यावर काळी बुरशी चढते. मादी नराशिवाय थेट पिल्लं देते आणि ती आठवड्या-दहा दिवसांत स्वतः पिल्लं देऊ लागतात. म्हणून चार झाडांवरचा मावा बघता बघता कुणगाभर होतो.

*ही अळी मारू नका!*
माव्यातच काळपट, नारिंगी ठिपक्यांची, छोट्या सुसरीसारखी अळी फिरताना दिसेल. ती कीड नव्हे, ढालकिड्याचं पिल्लू आहे. ते मावाच खातं. फुगून तपकिरी, कागदासारखा सुकलेला मावा दिसला तर तोही मित्रकीटकाने मारलेला.

*मग करायचं काय?*
शेतात नागमोडी फिरून 20 झाडांचे शेंडे तपासा. मावा मोजक्या झाडांवर असेल तर शेंडे खुडून साबणाच्या पाण्यात बुडवा. पसरत असेल आणि ढालकिडे दिसत नसतील, तर निंबोळीयुक्त औषध लेबलवरच्या प्रमाणात, संध्याकाळी, शेंड्यांवर आणि पानांच्या खालून फवारा. चार दिवसांनी पुन्हा बघा. तरीही वाढला तर विचारून पुढचं ठरवू.

हिरव्या शेंगा दर दोन-तीन दिवसांनी तोडून आपण घरात शिजवतो, बाजारात विकतो. जहाल औषध मारलं तर लेबलवर दिलेले दिवस तोडणी थांबवावीच लागते. शिवाय ढालकिडे मरतात आणि मावा आणखी जोराने परत येतो.

शंका असेल तर शेंड्याचा जवळून काढलेला फोटो याच नंबरवर पाठवा. फवारणीच्या *आधी*, नंतर नको.