भांडी खाली ठेवा, डोंगर चढा

महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर एका बाईच्या नावाचं आहे, आणि ती बाई घर सोडून गेली ती भांड्यांच्या वादावरून! कळसूबाईची गोष्ट त्या भागात अशी सांगतात. कळसू नावाची एक कोळ्याची पोर पाटलाच्या घरी कामाला राहिली. राहताना तिनं अट घातली, की बाकी हवं ते काम सांगा, पण केर काढणार नाही आणि भांडी घासणार नाही. एके दिवशी पाटलाकडे पाहुणे फार आले. पाटलानं तिला भांडी घासायला बसवलं. कळसूनं भांडी घासली, आणि उठून जी डोंगरावर गेली ती परत आलीच नाही. जिथे भांडी घासली ती जागा थाळेमेळ, आणि जिथे ती राहिली तो डोंगर कळसूबाई. उंची १६४६ मीटर, म्हणजे ५४०० फूट.

ही गोष्ट ऐकून गालातल्या गालात हसली नाही अशी गृहिणी मी पाहिलेली नाही.

मैत्रिणींनो, कळसूसारखं कायमचं निघून जा असं मी मुळीच सांगत नाही. पण एक दिवस आणि एक रात्र? शनिवारी निघायचं, आपली पिशवी आपल्या पाठीवर घ्यायची, पायी चढायचं, रात्री तंबूत नाहीतर एखाद्या अंगणात झोपायचं, आणि रविवारी संध्याकाळी घरी. यात सुख किती, त्रास किती, हे आज जरा मोकळेपणानं बोलू या.

देवाच्या नावानं चाललेली पायपीट

नाशिककडच्या बायकांना डोंगर नवा नाही. तिसऱ्या श्रावणी सोमवारी ब्रह्मगिरीची फेरी करायला हजारो बायका भर पावसात, चिखलातून रात्रभर चालतात. चैत्रात सप्तशृंगीला खानदेशातून बायका पायी येतात. नवरात्रात कळसूबाईच्या लोखंडी शिड्या नऊवारी नेसून चढणाऱ्या आजीबाई तरण्या पोरांना मागे टाकतात. अंगात बळ आहे, पायात सवय आहे. फक्त इतकी वर्षं निघायला देवाचं निमित्त लागायचं.

आमच्या कॉलनीतल्या पाचसहा जणींनी पहिल्यांदा अंजनेरीचा बेत केला, तेव्हा एकीच्या सासूबाईंनी विचारलं, "नवस आहे का गं कुणाचा?" नवस नाही म्हटल्यावर त्या गप्प झाल्या. मग म्हणाल्या, "मग उगाच कशाला?" प्रश्न मनापासून होता. औषध आणायला, लग्नाला, बाळंतपणाला, देवाला बाई घराबाहेर पडते. 'उगाच' पडत नाही. डोंगरावर जाण्यातली खरी चढण ही इथेच आहे, पुढची त्यामानानं सोपी.

जपानच्या जुन्को ताबेई यांनाही हेच ऐकावं लागलं होतं. 'मुलं सांभाळायची सोडून डोंगर कसले चढता?' १९७५ साली बायकांच्याच तुकडीबरोबर त्या एव्हरेस्टला निघाल्या तेव्हा त्यांची लेक अवघी तीनेक वर्षांची होती. पैशाची ओढाताण म्हणून या बायकांनी मोटारीच्या सीटच्या कव्हरांपासून पाणी न शिरणाऱ्या पिशव्या आणि हातमोजे शिवले, झोपायच्या पिशव्यासुद्धा घरीच केल्या. १६ मे १९७५ रोजी ताबेई माथ्यावर पोचल्या. एव्हरेस्टवर पाऊल ठेवणारी ती जगातली पहिली बाई. शिवणयंत्र आणि हिमालय यांत वैर नाही, एवढंच यातून घ्यायचं.

आता त्रासाचं बोलू

सगळ्यात मोठी अडचण कोणी लिहीत नाही, म्हणून मी आधी लिहिते. लघवीला कुठे जायचं? या एका काळजीपायी बायका आदल्या दिवसापासून पाणीच पीत नाहीत. मग उन्हात डोकं चढतं, पायात गोळे येतात आणि घरी आल्यावर लघवीची जळजळ सुरू होते. पाणी कमी पिणं हा उपाय नव्हे, तोच आजार आहे. दिवसभराला माणशी तीन लिटर पाणी धरा आणि थोडं थोडं पीत राहा. दोघी-दोघींनी आडोशाला जायचं, एकीनं ओढणी नाहीतर जुनी साडी धरायची. सैल सलवार किंवा इलॅस्टिकची पँट आणि वर लांब कुडता असला की निम्मी अडचण मिटते. शौचाला पाण्याच्या टाक्यापासून आणि ओढ्यापासून साठसत्तर पावलं तरी लांब जायचं, खुरप्यानं वीतभर खड्डा करायचा आणि वर माती लोटायची.

पाळीचे दिवस असले तर? जायचं. त्रास फार होत असेल तर अर्थातच घरी पडून राहा, पण नुसती पाळी आली म्हणून बेत मोडू नका. वापरलेले पॅड कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या डब्यात किंवा दुहेरी पिशवीत ठेवायचे आणि परत आणायचे. डोंगरावर पुरलेलं पॅड वर्षानुवर्षं कुजत नाही, जनावरं ते उकरून काढतात.

दुसरं दुखणं गुडघ्यांचं. चढताना दम लागतो पण गुडघे दुखतात ते उतरताना, कारण प्रत्येक पावलाला अंगाचा सगळा भार त्यांच्यावर आदळतो. हातात काठी घ्या, पावलं लहान टाका, घाई करू नका. पायाची नखं आदल्या दिवशी कापा, नाहीतर उतारावर बुटात अंगठा आपटून काळानिळा होतो. नवे कोरे बूट तर मुळीच नकोत. आठवडाभर बाजारहाट त्याच बुटांत करा.

रात्र कशी जाते?

खरं सांगायचं तर पहिली रात्र बरी जात नाही. घरची गादी आठवते. खालचा दगड नेमका कमरेत टोचतो. कुणीतरी घोरतं. तंबूच्या कापडाची फडफड ऐकू येते आणि ते जनावरच आहे अशी खात्री पटते.

थंडी वाजते, आणि ती वरून नाही तर खालून. जमीन अंगातली ऊब शोषून घेते. म्हणून अंगावर दोन पांघरुणं घेण्यापेक्षा अंगाखाली जाड फोमची चटई घालणं शहाणपणाचं. ती नसेल तर सतरंजीखाली वर्तमानपत्रांचे थर द्या. शिवाय दर हजार मीटर चढलं की हवा साधारण सहा अंशांनी गार होते. कळसूबाईचा माथा नाशिक शहरापेक्षा हजारेक मीटर उंच आहे, तेव्हा डिसेंबरात गावात स्वेटर लागत असेल तर वर कानटोपीही लागणार.

सकाळी तंबू आतून ओला दिसला तर तो फाटका आहे असं समजू नका. आपल्याच श्वासाची वाफ गार कापडावर जमते, भाताच्या झाकणाला पाणी धरतं तशी. वरची झडप थोडी उघडी ठेवली की काम भागतं. मात्र एक गोष्ट कटाक्षानं पाळा: कितीही थंडी असो, कितीही पाऊस असो, तंबूच्या आत स्टोव्ह किंवा कोळशाची शेगडी पेटवायची नाही. त्यातून येणाऱ्या विषारी वायूला वास नसतो, आणि झोपलेलं माणूस झोपेतच जातं.

किडामुंगीचं म्हणाल, तर दगड हातानं उचलू नका, खाली फुरसं असू शकतं. सकाळी बूट झटकल्याशिवाय पायात घालू नका. साप चावलाच तर कापू नका, चोखू नका, आवळून बांधू नका. तो अवयव न हलवता १०८ नंबरला फोन करा आणि सरळ सरकारी रुग्णालय गाठा. कड्याकपारींना आग्या मोहळं असतात. तिथे धूर, आरडाओरडा आणि अत्तर तिन्ही वर्ज्य. सुवासिक तेलसुद्धा घरीच राहू द्या. दुपारी ढग दाटून गडगडू लागलं तर माथ्यावर किंवा एकट्या झाडाखाली थांबू नका.

मग सुख कशात आहे?

इतकं सगळं वाचून तुम्ही म्हणाल, "बाई, मग जायचं तरी कशाला?"

संध्याकाळी सहाची गोष्ट घ्या. घरी सहा वाजले की आपले हात आपोआप कणकेकडे जातात. डोंगरावर सहा वाजता सूर्य समोरच्या रांगेआड जातो आणि आपल्याला काहीही करायचं नसतं. आमच्यातली एकजण पहिल्या वेळी दहा मिनिटं नुसती हात चोळत बसली होती. म्हणाली, "काहीतरी विसरल्यासारखं वाटतंय गं." विसरली काहीच नव्हती. रिकामे हात कसे लागतात हेच तिला माहीत नव्हतं.

मग अंधार पडतो. शहरात दिसत नाहीत इतक्या चांदण्या. अमावस्येच्या आसपास गेलात तर हिवाळ्यात कृत्तिकांचा झुबका आणि मृगाचा बाण नुसत्या डोळ्यांनी दाखवता येतो. गप्पा निघतात त्याही निराळ्या. घरी दोन बायका बोलत बसल्या तरी एक कान कुकरच्या शिट्टीकडे असतो. इथे दोन्ही कान मोकळे. माहेरच्या, नोकरी सोडल्याच्या, राहून गेलेल्या गाण्याच्या क्लासच्या गोष्टी निघतात. कुणी मध्येच "आई, माझा टॉवेल कुठाय?" म्हणत नाही.

पहाटे अंग आंबलेलं असतं, पण गार वाऱ्यात दरीतलं धुकं वर सरकताना पाहिलं की चहा न घेताही तरतरी येते. (चहा मिळाला तर सोन्याहून पिवळं.)

स्वयंपाकघर पाठीवर नको

हे सुख मिळण्याची एकच अट आहे, आणि तिच्यासाठीच हा लेख लिहिला. सहकुटुंब डोंगरावर जाण्याचे अनेक बेत मी पाहिले. बाईनं आदल्या रात्री बारापर्यंत पुऱ्या तळायच्या, पहाटे चारला उठून डबे भरायचे, वर गेल्यावर कागद पसरून सगळ्यांना वाढायचं आणि शेवटी खरकटं आवरायचं. बाकीचे दमून पडतात, बाई दमून आवरते. याला डोंगरावर जाणं म्हणत नाहीत. हे तर तेच घर, फक्त उंचावर!

म्हणून आमच्या गटानं तीन नियम केले. पहिला, प्रत्येकीनं आपला डबा आणायचा, कुणी कुणाला वाढायचं नाही. दुसरा, चार दिवस टिकेल असंच न्यायचं: दशम्या, शेंगदाण्याची चटणी, गूळ, खजूर, मनुका, भाजलेल्या पोह्यांचा चिवडा, डिंकाचा लाडू. तिसरा, गरम जेवण हवं तर पायथ्याच्या गावात आधी सांगून पिठलं-भाकरी करून घ्यायची आणि रास्त पैसे द्यायचे. घरचे पुरुष बरोबर असतील तर ताट-वाटी ज्याची त्यानं घासायची. मुलांनीसुद्धा. एकदा सवय लागली की ती घरीही टिकते, असा आमच्यातल्या दोघींचा अनुभव आहे.

पायथ्याच्या गावातल्या बायकांशी दोन शब्द बोला. त्र्यंबक, पेठ, सुरगाण्याकडे उन्हाळ्यात बाई हंडा घेऊन रोज किती चालते ते पाहिलं, की आपल्या चढण्याचं कौतुक आपोआप कमी होतं. आपली हौस ही तिची रोजची वाट आहे. तेव्हा त्यांच्या विहिरीचं पाणी जपून वापरा. टाक्यात साबण लावून हात धुऊ नका. पिण्यासाठी टाक्यातलं पाणी घेतलं तर खळखळून उकळी फुटल्यावर आणखी मिनिटभर उकळा.

सुरुवात कुठून करावी?

एकदम कळसूबाई नको. महिनाभर आठवड्यातून दोनदा पांडवलेण्याच्या पायऱ्या चढा. वर गेल्यावर तिसऱ्या लेण्यातला गौतमी बलश्रीचा शिलालेख जरूर पाहा. सातवाहन राजाच्या आईनं, सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी, डोंगरात राहणाऱ्या भिक्षूंसाठी दिलेलं हे दान आहे. दम पुरू लागला की रामशेज करा, जो १६८२ पासून काही वर्षं औरंगजेबाच्या फौजेला पुरून उरला. अर्ध्या दिवसात होतो. त्यानंतर अंजनेरी. वर मोठं पठार, तळं, अंजनीमातेचं देऊळ, आणि पावसाळ्यात नशीब असेल तर अंजनेरीच्याच नावानं ओळखलं जाणारं कंदीलपुष्प. पाहा, पण तोडू नका. ते फार दुर्मीळ आहे. कळसूबाई सर्वांत शेवटी. हरिहरच्या उभ्या पायऱ्या फोटोत छान दिसतात, पण पहिल्या खेपेला आणि पावसात त्या वाटेला जाऊ नका.

मुक्कामाचं आधी विचारून ठरवा. अंजनेरी हे वनखात्याचं राखीव क्षेत्र आहे आणि कळसूबाई अभयारण्यात येते. तिथे मनाला येईल तिथे तंबू ठोकता येत नाही. पहिल्या वेळी पायथ्याच्या गावात, ओळखीच्या घराच्या अंगणात तंबू लावणं सर्वांत उत्तम. रात्री सोबत असते आणि पहाटे उठून चढता येतं. गावातला एक वाटाड्या घ्या, आणि कुठे जातो, कधी परतणार हे घरी कागदावर लिहून ठेवा. फोनला सगळीकडे रेंज नसते.

परत आल्यावर कोमट पाण्यात मूठभर मीठ टाकून पाय पंधरा मिनिटं बुडवून बसा. ओट्यावर दोन दिवसांची भांडी साचलेली असली तर असू द्या. ज्यांनी जेवून ठेवली त्यांना हात आहेत. तुम्ही पाय शेकत शेकत कालनिर्णय हातात घ्या आणि दिवाळीनंतरच्या एखाद्या शनिवारावर आत्ताच खूण करून टाका.