मारुतीच्या शेपटीचे टोक

परीक्षेचा निकाल जाहीर होण्याची वेळ होते, हजारो विद्यार्थी एकाच क्षणी संकेतस्थळावर धडकतात आणि पान उघडेनासे होते. बाहेरच्यांना दिसते ते एवढेच. आत मात्र सर्व्हर आपले गाऱ्हाणे तारीख-वेळेसह लिहून ठेवत असतो. प्रश्न असतो तो ते वाचायचे कसे, आणि तेही लगेच.

जुन्या पेढ्यांवर रोजकीर्द असे. त्या दिवशीचा प्रत्येक व्यवहार घडला त्या क्रमाने तीत उतरे. संगणकातील लॉग फाइल म्हणजे तीच रोजकीर्द. संकेतस्थळाच्या लॉगमध्ये वाचकाने मागितलेल्या प्रत्येक पानामागे एक ओळ असते: मागणी कोणत्या पत्त्यावरून आली, किती वाजता आली, कोणते पान हवे होते, आणि ते मिळाले (२००), सापडले नाही (४०४) की सर्व्हरच अडखळला (५००). नवी नोंद नेहमी तळाशी पडते. गर्दीच्या संकेतस्थळाची ही वही पाहता पाहता कित्येक गिगाबाइटांची होते. ती नोटपॅडसारख्या साध्या संपादकात उघडू गेल्यास तो सगळीच्या सगळी वही स्मृतीत ओढू पाहतो, आणि आधीच धापा टाकणारे यंत्र पार गळाठते. वास्तविक हव्या असतात त्या शेवटच्या पाच-दहा ओळी.

नेमक्या या कामासाठी युनिक्स प्रणालीत ‘टेल’ नावाची आज्ञा आहे. टेल म्हणजे शेपूट. १९७७ च्या सुमारास ती युनिक्समध्ये आली आणि आज लिनक्स चालवणाऱ्या जवळपास प्रत्येक सर्व्हरवर, तसेच मॅक संगणकावरही ती आयती मिळते. काळ्या पडद्यावर रोमन लिपीतील छोट्या अक्षरांत ‘टेल’ आणि पुढे फाइलचे नाव टंकित केले की शेवटच्या दहा ओळी समोर येतात. पन्नास हव्या असल्यास मध्ये ‘-एन ५०’ घालायचे. आकडे अर्थात इंग्रजी. विंडोजवाल्यांनीही निराश होऊ नये. पॉवरशेलमध्ये ‘गेट-कंटेंट’ या आज्ञेला ‘-टेल’ जोडले की तेच काम होते.

या आज्ञेची खरी हुशारी तिच्या वाचण्याच्या पद्धतीत आहे. ती फाइल आरंभापासून वाचतच नाही. थेट शेवटाला उडी मारते, तेथून थोडा थोडा मजकूर उचलत मागे सरकते आणि ओळ संपल्याच्या खुणा मोजते. हव्या तितक्या खुणा भरल्या की थांबते. वहीची मागची बाजू उघडून शेवटची जमा पाहणाऱ्या मुनीमजींसारखेच हे. म्हणून फाइल चार किलोबाइटांची असो की चाळीस गिगाबाइटांची, उत्तर जवळजवळ तितक्याच वेळात येते. अपवाद एकच. मजकूर फाइलमधून न येता दुसऱ्या एखाद्या प्रोग्रॅमकडून वाहत येत असेल, तर शेवट कोठे आहे हे आधी कळण्याचा मार्ग नसतो. मग टेल सगळा प्रवाह वाहू देते आणि अखेरच्या ओळी तेवढ्या हाती धरून ठेवते.

वृत्तपत्राच्या व्यवसायातील उदाहरण घेतले तर तिचे मोल अधिक ध्यानात येईल. भोपाळचे महाराणा प्रताप नगर बाहेरगावच्या विद्यार्थ्यांना शिकवणी वर्गांसाठी ठाऊक असते. पण तेथेच प्रेस कॉम्प्लेक्स नावाचा वृत्तपत्रांच्या कार्यालयांचा भाग आहे. २०११ साली तेव्हाच्या औरंगाबादेतून सुरू झालेले ‘दिव्य मराठी’ ज्या समूहाचे, त्याचे मुख्य कार्यालयही याच वसाहतीत. मालक एका राज्यात, मराठी वाचक दुसऱ्या राज्यात, ही आजच्या वृत्तव्यवसायाची रीतच झाली आहे. छापखाना असे तेव्हा यंत्र बिघडले की कारागीर धावत खाली जाई. आजच्या वृत्तस्थळांचे सर्व्हर बहुधा तिसऱ्याच शहरातील भाड्याच्या डेटा सेंटरमध्ये असतात आणि अभियंता घरूनच एसएसएच या दूरजोडणीने त्यांत शिरतो. अशा वेळी कित्येक गिगाबाइटांची फाइल आपल्याकडे ओढून आणण्यात अर्धी रात्र जाईल. टेल तेथल्या तेथे काम उरकते आणि तारेवरून दहाच ओळी धाडते. आपल्याकडे पावसाळ्यात इंटरनेट जसे चालते, ते पाहता ही काटकसर गोव्याच्या वाचकाला वेगळी समजावून सांगायला नको.

टेलचा सर्वांत लाडका प्रकार म्हणजे ‘-एफ’. हे अक्षर जोडले की दहा ओळी दाखवून आज्ञा संपत नाही. ती फाइलच्या टोकाशी ठाण मांडून बसते आणि नवी ओळ पडताच पडद्यावर आणते. लंकेत मारुतीची शेपटी वाढत गेली आणि राक्षसांना चिंध्या अपुऱ्या पडल्या, तसा हा लॉग डोळ्यांदेखत लांबत जातो. थांबवायचे तर कंट्रोल आणि सी या कळा एकत्र दाबाव्यात.

येथे एक खाच आहे. लॉग फार फुगू नये म्हणून सर्व्हर ठरावीक वेळी, पुष्कळदा मध्यरात्रीनंतर, जुन्या फाइलचे नाव बदलतो आणि मूळ नावाने कोरी फाइल सुरू करतो. छोट्या लिपीतील ‘-एफ’ जुन्याच फाइलला चिकटून राहते. पडदा शांत दिसतो, पाहणाऱ्याला वाटते सारे कुशल आहे, आणि तक्रारी मात्र नव्या फाइलमध्ये साचत असतात. मोठ्या लिपीतील ‘एफ’ वापरल्यास टेल नावावर लक्ष ठेवते आणि नवी फाइल दिसताच तिच्याकडे वळते. रात्रपाळीला बसणाऱ्याने मोठ्या एफचीच सवय लावून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

देवनागरीत काम करणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. टेलला ‘-सी’ जोडून ओळींऐवजी बाइट मागता येतात. यूटीएफ-८ या प्रचलित पद्धतीत इंग्रजी अक्षराला एक बाइट लागतो, देवनागरीतील प्रत्येक अक्षराला, काना-मात्रेला आणि हलन्त चिन्हाला मात्र तीन. फाइलमध्ये ‘म्हापसा’ एवढाच शब्द असेल तर ते झाले एकवीस बाइट. शेवटचे दहा मागितले तर ‘पसा’ मिळेल आणि त्याच्या आधी एक मोडके चौकोनी प्रश्नचिन्ह. कारण दहावा बाइट ‘हा’च्या कान्याचा तुकडा आहे. ओळी मागितल्या तर असे कधीच घडत नाही, कारण ओळ संपल्याची खूण मराठी अक्षराच्या पोटात येऊ शकत नाही. मराठी मजकुराला ‘-एन’च बरे.

एवढे कळले तरी शेवटच्या ओळीवर डोळे झाकून विश्वास ठेवू नये. डिस्क भरली, ही मूळ बातमी लॉगमध्ये एकदाच येते. त्यानंतर नोंद लिहिता आली नाही, डेटाबेसशी संपर्क तुटला, पान देता आले नाही, अशा तक्रारींचा पाऊस सुरू होतो. शेवटच्या दहा ओळींत हा पाऊसच दिसतो. छप्पर कोठे फाटले ते तीनशे ओळी वर असते. अनुभवी माणूस म्हणूनच पहिल्या नजरेनंतर ‘-एन ५००’ मागतो आणि पहिली वेगळी ओळ सापडेपर्यंत वर वर जातो.

या ओळी जपून ठेवणे हा आता कायद्याचाही भाग आहे. सर्ट-इन या केंद्रीय संस्थेने २८ एप्रिल २०२२ रोजी काढलेल्या निर्देशांनुसार संस्थांनी आपले लॉग १८० दिवस राखणे आवश्यक आहे. पतसंस्था, हॉटेल वा शाळेचे संकेतस्थळ सांभाळणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. आणि लॉगच्या प्रत्येक ओळीत वाचकाचा इंटरनेट पत्ता असतो, हेही. मदतीसाठी पडद्याचे छायाचित्र व्हॉट्सअॅपच्या गटावर टाकायचे असेल, तर ते पत्ते आधी खोडून मगच टाकावे.