मिठूची चोच दुखावली तेव्हा

पिंजरा उघडण्याआधी पंखा बंद करायचा, हा नियम आमच्या घरात मीच घातलेला. आणि तो मोडलाही मीच. एप्रिलमधली दुपार. शाळेतून घामाघूम होऊन आले, सवयीनं पंख्याचं बटण दाबलं आणि मिठूला बाहेर काढलं. फट्‌ असा आवाज झाला आणि मिठू कपाटापाशी पडला. वरच्या चोचीचं टोक उडालेलं, छातीची पिसं रक्तानं माखलेली.

आमचा मिठू म्हणजे कॉकाटील. राखाडी, तुरेवाला, मूळचा ऑस्ट्रेलियाकडचा पक्षी. (आपला हिरवा पोपट पाळायला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं बंदी आहे. तरी तो कितीतरी घरांत दिसतो, ती गोष्ट वेगळी!) बोलणं त्याला जमत नाही, पण कुकरची शिट्टी अगदी हुबेहूब वाजवतो.

सासूबाई हळदीचा डबा घेऊन धावल्या. मी स्वच्छ फडक्यानं टोक अलगद दाबून धरलं. फक्त टोकाचंच रक्त थांबत नसेल, तर चिमूटभर कॉर्नफ्लॉवर दाबावं. नाकपुडीत मात्र जाऊ देऊ नये. आणि घाबरून पक्ष्याची छाती आवळू नका हं. छाती हलली नाही तर त्याला श्वासच घेता येत नाही.

डॉक्टर म्हणाले, “चोच म्हणजे नुसतं टरफल नव्हे. आत हाड असतं, रक्तवाहिन्या असतात, नसा असतात.” वरचं आवरण आपल्या नखासारखं वाढत राहतं, त्यामुळे टोक भरून येतं. मुळाशी इजा झाली किंवा हाड मोडलं तर मात्र कठीण. दुखण्यावरचं औषध त्यांनी वजनावर मोजून दिलं. आपल्या घरातली गोळी चुरून देण्याचा विचारसुद्धा करू नये.

खरी परीक्षा पुढेच होती. राळे फोडायला चोच नको का? मिठू वाटीपाशी जाई, एक दाणा उचली आणि टाकून देई. स्वयंपाकघरातल्या काट्यावर तो आदल्या आठवड्यात ९० ग्रॅम भरला होता. दुसऱ्या दिवशी ८४! एवढासा जीव दिवसभर उपाशी राहिला तरी धोक्यात येतो. मी बिनमिठाची मूगडाळ मऊ शिजवली, गुरगुट्या भात केला, उकडलेल्या अंड्याचा बलक कुस्करला. उन्हाळ्यात हे अन्न दोन-तीन तासांत बदलावं लागतं. बळेच चोचीत पाणी ओतू नये, ते श्वासनलिकेत जातं.

सासूबाई म्हणाल्या, “उबेला स्वयंपाकघरात ठेव गं.” पण नॉनस्टिक तवा फार तापला तर त्याचा धूर पक्ष्यांचा जीव घेतो. म्हणून पिंजरा माजघरात ठेवला, अर्ध्यावर शाल घातली आणि बसायची दांडी खाली आणली.

त्या दोन रात्री मला झोप नव्हती. तिसऱ्या दिवशी शाळेतून आले तर काय, ज्या सासूबाई त्याला ‘नसती ब्याद’ म्हणायच्या, त्या बोटावर वरण घेऊन पिंजऱ्यापाशी बसलेल्या. आणि मिठू चाटत होता!

पुढं वजन सावरलं. दोन-अडीच महिन्यांत टोक बरंचसं आलं, जरा वाकडं. पण नेलकटर लावायचा मोह मी टाळला, ते काम डॉक्टरांचं. पिंजऱ्यात समुद्रफेणाचा तुकडा अडकवून दिला, त्यावर तो चोच घासतो.

इतके दिवस शिट्टी मात्र बंद होती. परवा सासूबाईंनी तीन शिट्ट्या मोजून गॅस बंद केला. कुकर उघडला, तर डाळ कच्चीच!